प्रश्नचिन्हाचा कोड

आपल्याकडच्या केसपेपरवर एक खूण वर्षानुवर्षं चालत आली आहे. ‘लम्प लेफ्ट ब्रेस्ट’ असं लिहायचं, पुढे एक प्रश्नचिन्ह काढायचं आणि त्याला खेटून ‘सीए’ ही दोन अक्षरं. सीए म्हणजे कार्सिनोमा, कॅन्सर. लिहिणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगायचं असतं की शंका आहे, तपासून घ्या. पुढच्या डॉक्टरला ते बरोबर कळतं. बाईला ते अक्षर लागत नाही. सोबत आलेल्या भाच्याला लागतं, आणि रिक्षात बसेपर्यंत त्याने मोबाइलवर शोधून चेहरा पाडलेला असतो.

माणसामाणसांत ही खूण चालून जाते. पण तोच कागद पुढे रेकॉर्ड रूममध्ये, विमा कंपनीच्या टेबलावर, सरकारी योजनेच्या संगणकात जातो. तिथे शब्दांचे आकडे करावे लागतात आणि प्रश्नचिन्हासाठी रकाना नसतो. मग कधी प्रश्नचिन्ह गळून मागे नुसतं ‘सीए’ उरतं, तर कधी दोन्ही गळून गाठ तेवढी उरते. स्तनातल्या गाठीच्या नोंदींचा आणि कोडिंगचा सगळा व्यवहार चाळला की मला तो या एका खुणेभोवतीच फिरताना दिसतो. ‘अजून कळलेलं नाही’ हे कागदावर लिहायचं कसं?

रोगांना आकडे द्यायची पद्धत मुळात मेलेल्यांच्या हिशेबासाठी जन्माला आली. झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागोत आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने स्वीकारली. तिचीच वाढत गेलेली आवृत्ती म्हणजे आजची आयसीडी. मेलेल्या माणसाच्या बाबतीत ‘अजून’ हा शब्द फारसा उरत नाही. कारण एकदा लिहिलं की संपलं. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि जिवंत माणसांच्या आजारांनाही तीत जागा मिळाली. जिवंत माणूस दवाखान्यात येतो तो निदान घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. त्या तक्रारींसाठी यादीत खणं करावी लागली. स्तनातल्या गाठीला दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, मिळालेलं खण एन ६३ : स्तनातली गाठ, प्रकार अनिर्दिष्ट. गंमत अशी की ‘एन’ हे प्रकरण मूत्रपिंड, मूत्राशय आणि जननेंद्रियांचं. स्तनाचे बिगर-कॅन्सर विकार त्यांच्या शेजारी बसवले आहेत. कॅन्सर ठरला की बाई ‘एन’मधून उठून ‘सी’मध्ये, सी ५० वर जाते. साधी फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठ निघाली तर डी २४. पाण्याची एकटी गाठ असेल तर एन ६०.०. एन ६३ हा या सगळ्यांच्या आधीचा थांबा, आणि तो थांबा म्हणूनच वापरायचा असतो.

जागतिक आवृत्तीत एन ६३ ला पोटभाग नाहीत. डावा की उजवा, वर की खाली, काही नाही. अमेरिकेने मात्र आपली वेगळी, वाढवलेली आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती लागू केली. त्याआधी तिथे नवव्या आवृत्तीतला ६११.७२ हा एकच आकडा होता. नव्या आवृत्तीतही पहिली दोन वर्षं एन ६३ एकटाच राहिला. म्हणजे कॅन्सर कुठे आहे ते सांगायला सी ५० मध्ये स्तनाचा कोपरा न् कोपरा होता, पण शोध चालू असताना गाठ कुठल्या बाजूला आहे एवढंही कोडातून कळत नव्हतं. १ ऑक्टोबर २०१७ ला या एका कोडाचे पंधरा झाले. एन ६३.११ म्हणजे उजव्या स्तनाचा वरचा-बाहेरचा भाग, एन ६३.१२ वरचा-आतला, १३ खालचा-बाहेरचा, १४ खालचा-आतला. डाव्यासाठी तसेच २१ ते २४. काखेकडे जाणाऱ्या शेपटासाठी ३१ आणि ३२, स्तनाग्रामागच्या भागासाठी ४१ आणि ४२. शिवाय ज्यांनी नीट लिहिलेलंच नाही त्यांच्यासाठी ‘भाग अनिर्दिष्ट’ म्हणून १० आणि २०, आणि बाजूसुद्धा न लिहिणाऱ्यांसाठी एन ६३.०.

या सुंदर चौकटीत एक फट राहून गेली. गाठ दोन भागांच्या बरोबर सीमेवर असली तर? शरीराला आपल्या रेषा ठाऊक नसतात. दोन वर्षं कोडर मंडळी अशा गाठींना ‘भाग अनिर्दिष्ट’मध्ये ढकलत राहिली. डॉक्टरांनी जागा नेमकी लिहिलेली असूनही ती ‘अनिर्दिष्ट’! १ ऑक्टोबर २०१९ ला एन ६३.१५ आणि एन ६३.२५ आले, भागांच्या सीमेवर पसरलेल्या गाठीसाठी.

एवढी बारीक खणं पाडून फायदा कुणाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर कोडात सापडत नाही, कोडाच्या आधी लिहिलेल्या ओळीत सापडतं. स्तन तपासणारे डॉक्टर घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणतात आणि बाई समोर बसलेली असताना आपल्याला जसं दिसतं तसे काटे धरतात. ‘१० वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी’ असं लिहिलं की सोनोग्राफी करणारा, सुई घालणारा आणि पुढे सर्जन, तिघेही एकाच ठिकाणी पोचतात. पण उजव्या स्तनात १० वाजता म्हणजे वरचा-बाहेरचा भाग, आणि डाव्या स्तनात १० वाजता म्हणजे वरचा-आतला. बाजू लिहायची राहिली की घड्याळ नुसतं निरुपयोगी नाही, दिशाभूल करणारं होतं. आणि १२ वाजता लिहिलं तर तो बाहेरचाही नाही, आतलाही नाही. वरच्या फटीत पडणाऱ्या गाठी त्याच.

चांगली नोंद कशी असते ते एकदा वाचायला हवं. ‘उजवा स्तन, १० वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी. २ बाय दीड सेंमी. टणक, कडा अस्पष्ट, खालच्या स्नायूवर हलते, त्वचेला चिकटलेली नाही. स्तनाग्रातून स्राव नाही. काखेत गाठ लागत नाही. ३ महिन्यांपासून, पाळीबरोबर कमी-जास्त होत नाही. आईला स्तनाचा कॅन्सर, वय ५१.’ जेमतेम सहा-सात ओळी. यात निदान कुठेच नाही, आणि तरी जे माहीत आहे ते सगळं आहे. ‘नाही’ म्हणून लिहिलेल्या गोष्टीही तितक्याच मोलाच्या : काखेत गाठ लागत नाही हे लिहिलं नसेल, तर सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही की तेव्हा ती नव्हती की तेव्हा कुणी काख पाहिलीच नव्हती.

आता त्या प्रश्नचिन्हाकडे. अमेरिकेच्या कोडिंग नियमांत याबद्दल एक कलम आहे, आणि माझ्या मते सगळ्या नियमावलीतलं ते सर्वांत शहाणं कलम आहे. बाह्यरुग्ण विभागात ‘शक्यता’, ‘संशय’, ‘वगळण्यासाठी’ अशा शब्दांसोबत लिहिलेला रोग कोड करायचा नाही. जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच, म्हणजे लक्षण, कोड करायचं. ‘कॅन्सरचा संशय’ लिहिलं असेल तर कोड एन ६३ चा. सी ५० चा नाही. डॉक्टरांचं मन कितीही कॅन्सरकडे झुकलेलं असो, बाईच्या कायमच्या नोंदीत तो शब्द पुरावा येईपर्यंत शिरत नाही. यामागे कारण आहे. एकदा आकडा पडला की तो सहज निघत नाही. ‘तपासणीसाठी म्हणून लिहिलं होतं’ हे वाक्य आकड्यासोबत प्रवास करत नाही.

याच नियमावलीत भरती झालेल्या रुग्णासाठी उलटा नियम आहे. डिस्चार्जच्या वेळी ‘बहुधा अमुक’ असं लिहिलं असेल तर तो रोग असल्यासारखाच कोड करायचा. वॉर्डात त्या रोगाच्याच अंगाने तपासण्या आणि उपचार होतात, खर्च तसाच येतो, हे त्यामागचं समर्थन. हिशेबासाठी ते ठीक असेल. पण एकच प्रश्नचिन्ह दारात एक अर्थ घेतं आणि वॉर्डात दुसरा, ही विसंगती नवख्या कोडरला पहिले काही महिने छळते.

त्याहून मोठा सापळा डी ४८.६ चा. नाव ‘स्तनातली अनिश्चित वर्तनाची गाठ’. डॉक्टर म्हणतात ‘अजून निश्चित नाही’, नवा कोडर यादीत ‘अनिश्चित’ पाहतो आणि हा कोड टाकतो. चूक. हे अनिश्चितपण पॅथॉलॉजिस्टचं असतं. तुकडा काचेवर आला, रंगवला, पाहिला, आणि तरीही पेशी कुठल्या वाटेने जातील ते सांगता येत नाही, असा तो निर्णय आहे. फिलॉइड्स नावाच्या गाठींमध्ये असे सीमेवरचे प्रकार भेटतात. म्हणजे ‘पाहिलंच नाही’ हे एक न कळणं झालं आणि ‘पाहूनही ठरत नाही’ हे दुसरं. गाठ आहे एवढंच माहीत असेल तर एन ६३. डॉक्टरांनी ‘नवी वाढ’ म्हणून नाव दिलं पण स्वरूप सांगितलं नाही तर डी ४९.३, काचेवरही ठरलं नाही तर डी ४८.६. मराठीत आपण तिन्हीला ‘काही सांगता येत नाही’ म्हणून मोकळे होतो. इथे आकड्यांची भाषा आपल्या बोलण्यापेक्षा बारीक निघाली, हे कबूल करायला हवं.

चौथं न कळणं यंत्राच्या खोलीत आहे. मॅमोग्राफीत काही वेगळं दिसलं, पण हाताला काही लागत नाही, अशा वेळी कोड ‘आर ९२’ या घराण्यातला. त्याच्याही आत सूक्ष्म कॅल्शियमच्या ठिपक्यांसाठी वेगळा, इतर असामान्य दिसण्यासाठी वेगळा. रेडिओलॉजीने या बाबतीत बाकीच्या वैद्यकशास्त्राला मागे टाकलं आहे. १९८० च्या दशकात मॅमोग्राफीचे अहवाल म्हणजे ज्याची त्याची गद्यशैली होती; वाचून सर्जनला कळायचं नाही की आता कापायचं की थांबायचं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये बायरॅड्स ही अहवालाला आकडा देणारी पद्धत काढली, आणि आज आपल्याकडच्या तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरच्या अहवालातही शेवटी तो आकडा असतो. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी हवी. १ काही नाही, २ निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, थोड्या महिन्यांनी परत पाहा. ४ संशयास्पद, तुकडा घ्या. त्यातही ४ए मध्ये शक्यता १० टक्क्यांपर्यंत, ४बी मध्ये ५० पर्यंत, ४सी मध्ये ९५ च्या खाली. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. प्रश्नचिन्हाचं याहून चांगलं रूप मला माहीत नाही. शंका आहे, किती आहे आणि म्हणून पुढे काय करायचं, हे तिन्ही एका आकड्यात आलं. सुईच्या तपासणीसाठी, म्हणजे एफएनएसीसाठी, योकोहामा पद्धतीचे पाच वर्ग आहेत : नमुना अपुरा, निरुपद्रवी, वेगळेपणा असलेला, कॅन्सरचा संशय, कॅन्सर. तिथेही ‘नमुना अपुरा’ला स्वतःचा वर्ग आहे. तो वर्ग नसता तर अपुरा नमुना गुपचूप ‘कॅन्सर आढळला नाही’मध्ये मोडला असता, आणि तसं होतंही.

पण अमेरिकेच्या कोडिंगमध्ये बायरॅड्सचा आकडा उतरत नाही. ४ए आणि ४सी दोन्हींचा कोड एकच. अहवालातली बारीक शंका बिलात जाड होते. उलट, बिलाला ज्या गोष्टींत रस आहे त्यांत ते भलतंच बारीक आहे. स्तनाची सोनोग्राफी केली तर चारही भाग आणि स्तनाग्रामागचा भाग पाहिला का? पाहून तसं लिहिलं असेल तर केलेल्या कामाचा कोड ७६६४१, नाहीतर ७६६४२. सोनोग्राफीच्या मदतीने जाड सुईने तुकडा घेतला तर १९०८३, त्याच वेळी दुसऱ्या गाठीचा घेतला तर वर १९०८४. त्या जागी खूण म्हणून बारीक क्लिप सोडली तर तिचे वेगळे पैसे नाहीत. गाठ काढली तर १९१२०, पण आधी रेडिओलॉजिस्टने तार घालून जागा दाखवली असेल तर १९१२५. यातल्या प्रत्येक आकड्यासाठी कागदावर एक ठरावीक वाक्य लागतं. ते वाक्य नसेल तर काम झालंच नाही असं धरतात.

सगळ्यांत जास्त भांडणं मात्र मॅमोग्राफीच्या साध्या दोन जातींवरून होतात. काही तक्रार नसताना वयानुसार केलेली ती स्क्रीनिंग, ७७०६७, सोबत कारण म्हणून झेड १२.३१. गाठ लागली म्हणून केलेली ती निदानासाठीची, ७७०६५ किंवा ७७०६६, सोबत एन ६३. यंत्र तेच, दाब तोच. पण अमेरिकेत २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानंतर चाळिशीपुढच्या स्त्रीला स्क्रीनिंग खिशाला चाट न लागता मिळतं. निदानासाठीच्या तपासणीत बऱ्याच पॉलिसींमध्ये स्वतःचा वाटा भरावा लागतो. वर्षाची नेहमीची तपासणी ठरलेली असते, आदल्या आठवड्यात बाईला आंघोळ करताना गाठ लागते, ती तपासणीच्या टेबलावर सहज सांगते, आणि तिच्या त्या एका वाक्याने बिल बदलतं. खरं सांगितल्याचा दंड! काही दवाखान्यांत मग ‘स्क्रीनिंगच लिहा’ असा आग्रह धरला जातो. तो बाईच्या भल्यासाठी वाटतो. पण स्क्रीनिंगच्या मॅमोग्राफीत नेहमीची चित्रं घेतात आणि रेडिओलॉजिस्ट नंतर ती एकत्र वाचतो. हाताला लागणाऱ्या गाठीवर खूण करून, तिथे जास्तीचा दाब देऊन, लगेच सोनोग्राफी करणं हे स्क्रीनिंगमध्ये बसत नाही. कोड बदलला की तपासणीही बदलते. आणि मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी हाताला लागणारी गाठ सोडायची नसते. हात, चित्र आणि पेशी, या तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसला की नाही हे लिहावं लागतं. मेळ बसत नसेल, तर ‘सुईत काही नाही’ हे उत्तर पुरत नाही.

२०२१ पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या भेटीची फी ठरवण्याचे नियम बदलले. पूर्वी किती प्रश्न विचारले, किती अवयव तपासले याची मोजणी व्हायची. आता विचाराचं ओझं किती, नाहीतर भेटीला लागलेला वेळ किती, यावर फी ठरते. या ओझ्याच्या पायऱ्या समजावताना ‘निदान न झालेली, पुढे काय होईल ते अनिश्चित असलेली नवी समस्या’ अशी एक पायरी आहे, आणि २०२१ च्या नियमावलीत तिचं उदाहरण म्हणून दिलं होतं स्तनातली गाठ. मला हे फार बोलकं वाटतं. न कळण्यालाही किंमत असते, ते पेलायला डोकं लागतं, हे नियम लिहिणाऱ्यांनी मान्य केलं, आणि उदाहरण शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. दुसरी बाजूही आहे. तपासणीची मोजणी गेली, तशी घाईच्या दवाखान्यात ‘काखेत गाठ लागत नाही’ ही ओळ गळायची भीती आली. तिचे आता पैसे नाहीत.

या आकड्यांशी मराठी घरांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. अमेरिकी दवाखान्यांचं कोडिंग मोठ्या प्रमाणात भारतात होतं. हैदराबाद, चेन्नईइतकं नसलं तरी पुण्यात आणि नवी मुंबईतही. बीएस्सी, बीफार्म, बीएचएमएस, फिजिओथेरपी अशा पदव्यांची मुलंमुली सीपीसी ही कोडिंगची परीक्षा देऊन यात येतात. समोरच्या पडद्यावर कुठल्याशा गावातल्या बाईची नोंद येते. नाव झाकलेलं असेल, पण गाठ झाकलेली नसते. चार्ट वाचायचा, कोड टाकायचा, पुढचा. दिवसाचं टार्गेट आणि अचूकतेची टक्केवारी. कोडरने डॉक्टरांच्या मनात शिरायचं नसतं. लिहिलेलं नसेल तर ते नाहीच, हा या धंद्याचा पहिला धडा. शंका असेल तर डॉक्टरांना ‘क्वेरी’ पाठवायची, तीही उत्तर सुचवणारी नको. आता यंत्रंच कोड सुचवू लागली आहेत आणि माणसं ती तपासतात. यंत्राला प्रश्नचिन्ह वाचायला शिकवणं सोपं नाही; ‘नो एव्हिडन्स ऑफ कार्सिनोमा’ या ओळीतला शेवटचा शब्द त्याला आधी दिसतो.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. दवाखान्याला पैसे कोडावर मिळत नाहीत, पॅकेजवर मिळतात. सरकारी योजनेतही आणि कॅशलेसमध्येही. त्यामुळे आयसीडीचा आकडा हा डिस्चार्जनंतर रेकॉर्ड रूममध्ये किंवा विम्याच्या डेस्कवर कुणीतरी भरायचा रकाना. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या हॉस्पिटलने भरायच्या भागात आयसीडी-१० साठी जागा असते. ती बऱ्याचदा एन ६३ ने भरलेली दिसते, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट त्याच फाइलला टाचलेला असतानाही. थांब्यालाच मुक्काम केला की असं होतं.

मात्र आपल्याकडे एका वेगळ्या शब्दाची किंमत भयंकर आहे : कालावधी. ‘गाठ केव्हापासून?’ या प्रश्नाला बाई नेमकं उत्तर देत नाही. ‘बरेच दिवस झाले’, ‘दिवाळीच्या आधीपासून’, ‘दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही’. कुणी म्हणतं, ‘धाकटा अंगावर पीत होता तेव्हापासून’, आणि धाकटा आता चौथीत असतो. तेव्हाची गाठ दुधाची होती आणि आत्ताची वेगळी, हे तिलाही सांगता येत नाही. रात्रपाळीचा दमलेला निवासी डॉक्टर यातून एक आकडा काढून लिहितो, ‘३ वर्षं’. मग पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची असली, की ती गाठ ‘आधीपासूनची’ ठरते. आधीच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ वर आली, हे बरं झालं. पण शिवाय ठरावीक आजारांची वेगळी मुदत असतेच. २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी म्हणून आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत २४ महिन्यांच्या यादीत निरुपद्रवी गाठींमध्ये स्तनाच्या गाठीचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत गाठ काढली आणि ती साधी निघाली, तर खर्च आपला. डी २४ की सी ५० यावर क्लेम फिरतो, आणि तुकड्याचा निकाल यायच्या आधी एन ६३ घेऊन दाखल झालेल्या बाईला कॅशलेस देताना टीपीएचा, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचा, माणूस ‘आधी रिपोर्ट पाठवा’ म्हणतो. न कळण्याच्या काळातच पैशाची सर्वांत जास्त गरज असते. डॉक्टरांनी यात एवढं तरी करावं : बाईचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘दिवाळीपासून, असं सांगते’ हे ‘३ वर्षं’पेक्षा खरंही असतं आणि सुरक्षितही.

निदान पक्कं झाल्यावरची गोष्ट वेगळी, आणि ती महाराष्ट्राने देशाला शिकवली. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. दवाखान्याच्या वहीची वाट पाहत न बसता माणसं गावोगाव जाऊन बोलायची, लक्षणं विचारायची. नोंदणीची भाषा कर्करोगासाठीची वेगळी आयसीडी. तीत जागेचा कोड एक आणि पेशींच्या प्रकाराचा दुसरा. पेशींच्या आकड्याला तिरकी रेघ देऊन शेवटी वर्तन लिहितात : ० साधी, २ जागेवरच थांबलेला कॅन्सर, ३ पसरणारा. दुधाच्या नळीचा नेहमी आढळणारा कॅन्सर ८५००/३.

या सगळ्यांत मला आवडतो तो एक साधा रकाना, ‘निदानाचा आधार’. नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावरून कळलं असेल तर ०, डॉक्टरांच्या तपासणीवरून असेल तर १, चित्रांवरून २, सुईच्या पेशींवरून ५, मूळ गाठीच्या तुकड्यावरून ७. काय कळलं याच्या शेजारी कशावरून कळलं हेही लिहायचं. दवाखान्याच्या कोडिंगमध्ये हा रकाना कुठेच नाही, आणि खरं तर तिथेच तो हवा. केसपेपरवरच्या प्रश्नचिन्हाची जागा तो घेऊ शकला असता.

नीट नोंदीतून काय निघतं याचं सर्वांत मोठं उदाहरणही मुंबईचंच. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया २० गटांत घेतल्या. निम्म्या गटांतल्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासले, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांचा मिळून फरक १५ टक्क्यांचा, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का न ठरणारा. तो पक्का नाही हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. वर्षानुवर्षं सेविकांच्या हातांना काय लागलं आणि काय लागलं नाही हे कागदावर ठेवलं नसतं, तर यातलं एकही वाक्य लिहिता आलं नसतं.

नोंदणीत मात्र फक्त कॅन्सर मोजतात. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या निघतात आणि त्या कुठेच मोजल्या जात नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनी तीन वर्षं जपायला सांगितलेले कागद भरती झालेल्या रुग्णांचे. गाठीची बाई ओपीडीतून परत गेलेली असते. अमेरिकेत मॅमोग्राफीची फिल्म निदान पाच वर्षं, आणि त्या केंद्रात बाईची पुन्हा मॅमोग्राफी झाली नसेल तर दहा वर्षं, ठेवावीच लागते. इथे फिल्म, सुईचा रिपोर्ट आणि तो प्रश्नचिन्हाचा केसपेपर बाईच्या घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत असतो. घर बदलताना, नाहीतर पावसात, तो जातो. काही वर्षांनी दुसरी गाठ लागते. नवे डॉक्टर विचारतात, मागची गाठ कुठे होती? ती पदर सारून एका जागेवर बोट ठेवते. मग थोडं सरकवून दुसऱ्या जागेवर ठेवते, आणि म्हणते, ‘इथेच कुठेतरी होती, डॉक्टर.’